लिसोची घंटा

कांगोच्या जंगलातली कुत्री भुंकत नाहीत, म्हणून शिकारीला निघताना त्यांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात. बोलांबाने आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याची, लिसोची, घंटा कधी काढलीच नाही. लिसोचे पाय गेले, डोळे गेले, तरी रोज पहाटे शिकारी निघाले की झोपडीमागून घंटेची खुळखुळ यायची. "बाबा, हाल बघवत नाहीत त्याचे. सोडवा आता त्याला यातून," लेक एयेंगा म्हणाली. "आणि घंटा कोण वाजवतंय, तुझा सासरा?" बोलांबा म्हणाला. "शिकारीची हौस फिटली नाहीये अजून लिसोची." "शिकारी कधीच गेले, बाबा. घंटा अजून वाजतेय." तिने बापाचा हात धरून लिसोच्या शेपटीवर ठेवला, मग मानेवर. शेपूट निपचित पडलं होतं. मान थरथरत होती. तोंडाशी ठेवलेल्या मांसाला मुंग्या लागल्या होत्या. बोलांबाने गाठ सोडून घंटा काढून घेतली. घंटा मुठीत गप्प झाली. लिसो मात्र थरथरतच होता.