दंडातली कांडी

"बंद आहे गं कांडी. हिरवा दिवा लागला बघ," तडवी सिस्टर म्हणाल्या.

शेवंताच्या दंडातली पाळणा लांबवायची कांडी बंद करून दीड वर्ष झालं होतं. पूर्वी तांबी काढायला डॉक्टर लागायचा. आता उपकेंद्रातली नर्स हातातलं यंत्र दंडाला टेकवून कांडी बंद करायची. खर्च निम्म्यावर आला म्हणून योजनेचं फार कौतुक झालं होतं.

"मग दिवस का राहत नाहीत? सासू दुसरी बघायला निघालीय."

"नवऱ्याला तपासून घे."

"घेतलं. त्याच्यात काही दोष नाही. आमच्या पाड्यावर नऊ जणींनी कांडी बंद केली. एकीला तरी राहिलं का?"

शेवंतानं टेबलावरचं यंत्र उचललं आणि बाकाच्या लाकडावर टेकवलं. हिरवा दिवा लागला. मग भिंतीवर टेकवलं. पुन्हा हिरवाच.

"बाकालाही बसवलीत का हो कांडी?"

सिस्टरनी यंत्र हिसकावून उलटसुलट पाहिलं. "बिघडलं असेल," असं म्हणत त्यांनी कपाटातलं सीलबंद दुसरं यंत्र काढलं. खिडकीच्या गजावर तेही हिरवं झालं.

मग त्यांनी दाराला कडी घातली आणि भुलीचं इंजेक्शन काढलं.

"तीन वर्षं मी नशिबाला दोष देतेय," त्या म्हणाल्या. "हात धू. आधी तुझी काढते. मग मी सांगेन तशी तू माझी काढ."