उडीआधीचं पडणं

गेल्या मोसमात उडी मारताना ती मुलगी गादीबाहेर पडली होती आणि कमरेचं हाड मोडून बसली होती. आज पुन्हा बांबूउडीची स्पर्धा होती. धावून, पाय मोकळे करून अंग घामाघूम झालं, पण सरावाच्या उडीला ती वेगात यायची आणि ऐनवेळी पोल सोडून द्यायची. प्रशिक्षक आईच होती. जवळ येऊन म्हणाली, "पोल ठेव खाली. गादीवर चढ आणि नुसती पाठीवर पड." "आई, सगळ्याजणी हसतील." "हसू देत. अंग तापलंय, आता भीतीचं बघू." मुलगी गादीवर उभी राहिली आणि डोळे मिटून मागे कोसळली. उठून पुन्हा पुन्हा पडली. शेवटी तिला वर्षभर कोंडलेलं रडू फुटलं. आई शेजारी आडवी झाली. पंचांनी मुलीचं नाव पुकारलं. "ऊठ," आई म्हणाली. "आधी तू उतर, आई. मी वरून येतेय."