न जळालेलं मशीन

भंगारवाल्याने चामडं शिवायचं एक जुनं मशीन पारखायला कारागिराला बोलावलं. चाकावरचा सांधलेला तडा दिसताच त्याचा हात थबकला. हे त्याच्या वडिलांचं, आबांचं मशीन. हेच वाचवायला आबा पेटत्या दुकानात शिरले आणि परतले नाहीत, असं दादाने सांगितलं होतं.

मशीनवर काजळीचा लवलेश नव्हता.

"हे कुणी विकलं?"

"तुमच्या दादांनीच. आग लागली, त्याच दिवशी सकाळी."

दोरा न ओवताच त्याने चामड्याचा तुकडा सुईखाली सरकवून चाक फिरवलं. एकेका छिद्राची कड जळून काळी पडत गेली. सुई मात्र थंडगार होती.

"दादांनी चालवून दाखवलं, तेव्हाही चामडं असंच जळालं," भंगारवाला म्हणाला. "ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, आबांना यातलं काही कळू देऊ नका, मशीन दुकानातच आहे असं त्यांना वाटू दे."