पाच जोड मोजे

युद्धकैद्यांच्या जुन्या छावणीमागच्या एकाच खड्ड्यात सहा जणांचे सांगाडे सापडले होते. प्रत्येकाच्या वस्तू वेगळ्या ट्रेमध्ये मांडल्या होत्या.

"मुलगा का, आजी?" ओळख पटवायला आलेल्या आजींना अधिकाऱ्याने विचारलं.

"धाकटा भाऊ. जाताना मी विणलेला स्वेटर होता त्याच्या अंगात. निळा, कडेला पिवळा."

अधिकारी घुटमळला. "स्वेटर नाही सापडला. पण तशाच निळ्या-पिवळ्या लोकरीचे मोजे आहेत. पाच जणांच्या पायांत."

आजींनी एकेक मोजा उचलून टाच चाचपली. सगळ्याच टाचा वेड्यावाकड्या.

"त्यानेच विणलेत. स्वेटर उसवून. शिकवलं मीच, पण टाच काही त्याला कधी जमली नाही."

"मग या पाचांतला तुमचा भाऊ कुठला?"

आजी तोवर सहाव्या ट्रेपाशी पोचल्या होत्या. त्यात मोजे नव्हते. खिशात मिळालेल्या, झाडाच्या चार बारीक काड्या होत्या; दोन्ही टोकं दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या.

"हा. वेडा कुठला!" काड्या मुठीत घट्ट धरत आजी म्हणाल्या, "स्वतःचे शेवटी ठेवले, आणि लोकर संपली."