कोमट दगड

"धर. तुझ्या आईनं वरून टाकलाय, खास तुझ्यासाठी."

बाबांचा तो आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. ती तेव्हा सहा वर्षांची. आईला नेल्यापासून उंबऱ्यावर बसून राहिली होती, कुणी बोलावलं तरी उठत नव्हती. संध्याकाळी आईला पोचवून बाबा परतले आणि त्यांनी तिच्या ओंजळीत एक काळा, खडबडीत दगड ठेवला. दगड कोमट होता. तो पोटाशी धरून ती झोपून गेली.

पुढे ती आभाळातल्या दगडांचंच शिकली. लोकांनी आणलेले दगड तपासणं हे आता तिचं काम. परवा भल्या पहाटे आभाळातून एक जाळ सरकत गेला, पेपरात बातमी आली, आणि गावभर दगड सापडू लागले. प्रयोगशाळेच्या दारात रांग लागली. ती लोहचुंबक लावून बघायची, फिरत्या चाकावर दगडाचा कोपरा घासायची. आत बुडबुड्यांची भोकं दिसली की हळूच सांगायची, "दगड चांगला आहे, पण इथलाच आहे."

"इथला कसा?" एक मावशी भडकल्या. "माझा पत्रा फोडून आत आलाय तो!"

"तरी इथलाच, मावशी."

"म्हणजे शेजारणीच्या कार्ट्याचे प्रताप! थांब, बघतेच त्याला." मावशी तरातरा निघाल्या. रांग हसली.

त्यांच्या मागे बाबा उभे होते. हातात रुमालाचं गाठोडं.

"अहो बाबा, तुम्ही कशाला रांगेत?"

"तुझे साहेब हा काचेच्या कपाटात मांडणार म्हणालीस ना? खाली तुझ्या आईचं नाव लिहून?" बाबांनी गाठ सोडली. आत तोच काळा, खडबडीत दगड. "मग आधी घासून बघ. आणि लोकांना सांगतेस तसं मलाही तोंडावर सांग."

तिनं दगड घेतला. चाक सुरू केलं. दगड चाकापाशी नेला, आणि बटण दाबून चाक बंद केलं.

"माझाच का नाही घासत?" बाबांचा आवाज चढला, मग बसला. "उभा जन्म लोखंडाच्या भट्टीवर काढला मी. तुझं सगळं आयुष्य तू या एका दगडावर रचलंस, पोरी. मला झोप येत नाही."

"घासायची गरज नाही, बाबा."

"म्हणजे?"

तिनं दगड दोन्ही हातांत धरला, तेव्हा धरला होता तसा. "आभाळातून पडलेला दगड हाताला गरम लागत नाही. इतक्या वरून, थंडगार हवेतून येतो तो; बहुतेकदा गारच असतो. हा कोमट होता."

बाबा स्टुलावर टेकले. "कधी कळलं तुला?"

"कॉलेजच्या पहिल्याच वर्षी."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

बाबांनी रिकामा रुमाल बोटांभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"भट्टीत लोखंड वितळलं की वरून काढून टाकतात, ती मळी आहे ती," ते म्हणाले. "तुझ्या आईला पोचवून येताना भट्टीवरून उचलली. त्या दिवशी आपल्या घरात दुसरं काहीच गरम नव्हतं गं."