दिनकररावांचं पथ्य

दिनकररावांनी कचोरीचा द्रोण पाठीमागे लपवला, पण विजयाबाईंनी तो पाहिला होता.

पाटणकर बाजारातल्या हलवायासमोर कचेरीतली चार माणसं उभी होती. मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायला पंधरा दिवस उरले होते. दफ्तरं भोपाळला हलणार होती आणि कोणी जायचं त्याची यादी त्याच दुपारी लागली होती. दिनकररावांचं नाव तिच्यात होतं. विजयाबाई देवळातून परतत होत्या, हातात तीर्थाची लोटी होती.

"या वहिनी," त्यांच्यातले रमाकांत म्हणाले. "हे भोपाळला जायच्या आधीच भोपळा झालेत. आज जरा आदमी बनवतोय यांना."

सगळे हसले. आठ महिने डब्यात दुधीभोपळा बघून कचेरीने ते नाव पाडलं होतं.

विजयाबाईंचा आवाज घरातही कधी चढत नसे. आताही चढला नाही. "व्रत मी धरायचं आणि मोडायचं तुम्ही," त्या म्हणाल्या. "चारचौघांत सांगायची वेळ आणलीत."

हसणं थांबलं. दिनकररावांचे कान लाल झाले. त्यांनी द्रोण ओट्यावर ठेवला, रुमालाला बोटं पुसली आणि बायकोच्या मागून चालू लागले.

ते व्रत दिनकररावांनीच मागून घेतलं होतं.

फाल्गुनात लक्ष्मीकांतशास्त्री वैद्य सासूबाईंचे गुडघे बघायला आले होते. विजयाबाई त्यांच्या हातावर पाणी घालत होत्या, तेव्हा शास्त्रीबुवांनी सहज त्यांची विचारपूस केली. पूजा आटोपून जेवायला किती वाजतात, झोप नीट लागते का, असंच काहीबाही. त्यांना पोचवायला दिनकरराव इंदरगंजपर्यंत गेले आणि परतले ते छातीवर हात ठेवून. अम्लपित्त निघालं म्हणाले. औषध फारसं नाही, सगळा भार पथ्यावर.

तिखट, तळलेलं, आंबवलेलं बंद. उपाशीपोटी चहा नाही. सकाळी आठच्या आत दूध-लाह्या, दिवेलागणीला जेवण, मग शतपावली. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, आणि निजायचं ते डाव्या कुशीवर. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

"मला एकट्याला हे जमायचं नाही," ते म्हणाले होते. "तू व्रत धर. मी खाईन तेच खायचं, मी खाईन तेव्हाच."

विजयाबाईंनी देवापुढे पाणी सोडलं. पूजा आणि एकशे आठ प्रदक्षिणा होईपर्यंत, म्हणजे दीड-दोनपर्यंत, पाणीही न घेण्याचा त्यांचा नेम होता. देवाची क्षमा मागून तो त्यांनी बाजूला ठेवला. नवऱ्याच्या जिवापुढे तो लहान होता. सासूबाईंनीही चकार शब्द काढला नाही, लेकाच्या पोटाचा प्रश्न होता. नाहीतर धाकट्या जावेने, वनमालेने, एकदा आपल्यापुरतं फिकं वरण वेगळं काढलं, तर वर्षभर त्या तिला राणीसाहेब म्हणत होत्या.

दिनकरराव जेवून उठले की त्यांच्याच ताटात विजयाबाई बसत. तोच दुधी, तोच मऊ भात.

या आठ महिन्यांतली एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. पूर्वी त्यांचीही छाती जळायची, घशाशी आंबट यायचं. उपासाचं शरीर, चालायचंच, म्हणून त्यांनी ते पदराआड ठेवलं होतं. ते कधी थांबलं ते त्यांनाही कळलं नाही. दिनकरराव अजून अधूनमधून, विशेषतः आईसमोर, छातीवर हात ठेवायचे. व्रत त्यांच्यासाठी धरलं आणि बरं आपल्याला वाटतंय, या विचाराने विजयाबाईंना देवापुढे मान वर करवत नसे.

त्या संध्याकाळी दोघं शतपावली घालत होते. कचोरीचा विषय दिनकररावांनी काढला नाही.

"मी तिकडे गेल्यावर तू व्रत कसं पाळशील?" त्यांनी विचारलं.

"माझं काय? तिथल्या खाणावळीत तुम्ही काय खाल ते सांगा."

"म्हणूनच म्हणतो, बरोबर चल. आईला वनमाला बघेल."

कोणाचीच बायको इतक्यात जाणार नव्हती. राहायला घरंसुद्धा मिळालेली नव्हती. सासूबाई काय म्हणतील, हे तर उघड होतं.

"तुमची जीभ आवरत नाही, म्हणून मी सासूबाईंना टाकून येऊ?" विजयाबाई म्हणाल्या.

 दिनकररावांनी उरलेली पावलं मोजून पुरी केली.

दुसऱ्या दिवशी दूध-लाह्या झाल्यावर विजयाबाई इंदरगंजला वैद्यांकडे गेल्या. जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. ते बाहेरचं खातात. काल एकदाच खाल्लं की रोजच, देव जाणे. परगावी एकटे राहणार. तेव्हा एखादं जालीम औषध द्या, नाहीतर तुमच्यासमोर त्यांना शपथ घ्यायला लावा.

शास्त्रीबुवांचा खलबत्ता थांबला.

"त्यांना बोललात तुम्ही?"

"बोलले. चारचौघांत."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. मान खाली घातली."

शास्त्रीबुवांनी चष्मा काढून पुसला. मग खणातून चौघडी घातलेला एक कागद काढून पुढे केला.

"हा तुम्हाला दाखवायचा नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. पण ते गेल्यावर हे पथ्य सुटता कामा नये. वाचा."

विजयाबाईंनी खालची घडी उघडली. दूध-लाह्या, दुधी, शतपावली, विटा, डावी कूस. आठ महिने पाळलं ते सगळं, त्याच क्रमाने. मग त्यांनी वरची घडी उलगडली.

रोग्याचं नाव : सौ. विजयाबाई. वय चौतीस.