शुक्रवारचा आवाज

नशवानं दोन्ही कान झाकले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. सैदलवीचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. काल विमानतळावरून आल्यापासून हे असंच चाललं होतं.

सौदीतल्या दम्मामहून आणलेलं खोकं खोलीच्या मधोमध उघडं पडलं होतं. ब्लँकेट, खजूर, बामच्या बाटल्या ज्याच्या त्याच्या हातात पोचल्या होत्या. तरी जमलेल्या नातेवाइकांपैकी कुणी उठत नव्हतं. सहा वर्षांनी बाप घरी आला होता, तोही व्हिसा रद्द करून, कायमचा. दहा वर्षांची लेक त्याच्या गळ्यात कधी पडते, हे सगळ्यांना बघायचं होतं.

तो आला होता तिच्यासाठीच. नशवा स्वमग्न आहे, असं कोळिक्कोडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. डोळ्यांना दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं तिच्याकडे एकत्र येत नाही. हलणारे ओठ एकीकडे राहतात, आवाज दुसरीकडे, आणि दोन्हींचा गोंधळ होतो. एका वेळी एकच काहीतरी द्या, म्हणाल्या होत्या. सैदलवीनं एवढाच अर्थ काढला, की पोरीला बाप हवा.

फोनवर सगळं किती सोपं होतं. त्याची सुट्टी शुक्रवारी. जुम्म्याची नमाज आटोपून तो खोलीवर यायचा, तेव्हा इकडे दुपारचे तीन वाजलेले असायचे. नशवा बरोबर तीनला आईच्या मोबाइलवरून फोन लावायची आणि तासभर बोलायची. शाळा, मांजर, विहिरीतलं कासव. व्हिडिओ सुरू केला की मात्र फोन पालथा घालायची. लाजते, असं तो खोलीतल्या मित्रांना कौतुकानं सांगायचा.

"तिला पासपोर्ट दाखव रे," मेहुणा म्हणाला. "शिक्का बघून तरी घरात घेईल."

सगळे हसले. सैदलवीच्या थोरल्या बहिणीनं त्याच्या बायकोला, सुहराला टोमणा मारला, की पोरीला बाप ओळखायलासुद्धा शिकवलं नाहीस.  सुहरा नवऱ्याला हळूच म्हणाली, आज राहू दे. पण त्याला ते हसणं लागलं होतं. तो उठला. त्यानं नशवाचे हात कानांवरून ओढून काढले आणि तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"माझ्याकडे बघ, मोळे, माझ्या पोरी. मी उप्पा, तुझा बाप."

ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि आतल्या खोलीत पळाली. दार लागलं. मेहुण्यानं बामची बाटली पुढे केली. पुन्हा हशा पिकला.

आजही शुक्रवारच होता. तीन वाजता सैदलवीच्या खिशातला फोन वाजला. नाव सुहराचं होतं, आणि सुहरा तर समोर बसली होती. तो फोन कानाला लावून मागल्या अंगणात गेला, पार विहिरीपलीकडच्या सुपारीच्या झाडांपर्यंत.

नशवा बोलत होती. मांजरीला तीन पिल्लं झाली. एक काळं आहे. कासव दोन दिवस दिसलं नाही. ती न थांबता, नेहमीसारखी बोलत होती. सैदलवी झाडाला टेकून खाली बसला. कालपासून पहिल्यांदाच त्याला घरी आल्यासारखं वाटलं. मनगट सुजलं होतं, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

मग तिनं सांगितलं, की घरी एक माणूस आलाय. त्याचं तोंड खूप हलतं.

त्याला वाटलं, पोरीनं आपल्याला ओळखलंच नाही. आता समजावून सांगितलं की झालं. तो आवाज सांभाळत म्हणाला, "मोळे, तो माणूस म्हणजे मीच आहे."

"माहितीये मला, उप्पा," नशवा म्हणाली. "म्हणून तर फोन केला. तुम्ही परत जा. तिथून तुमचं सगळं ऐकू येतं."